डोक्यावर मावेल तितका माल

आदिलाबादच्या बाजारपेठेत छत्तीस वर्षं मी लोकांचे कर भरून दिले. दफ्तराच्या पाटीवर मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत ‘कर सल्लागार’ असं लिहिलेलं होतं, पण जिना चढून येणारा प्रत्येक माणूस मला वकीलसाबच म्हणायचा. मी वकील नाही. बी. कॉम. झालो, एका जुन्या सल्लागाराकडे सहा वर्षं कागद लावले आणि मग स्वतःची खुर्ची टाकली. सुरुवातीला लोकांची चूक दुरुस्त करायचो. नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर ती हाक मला आवडायला लागली होती.

धंदा काय असतो ते बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगतो. दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर घेतो आणि सरकारला देतो. किती घेतला, किती दिला, याचा एक तक्ता दर महिन्याला भरावा लागतो, त्याला रिटर्न म्हणतात. तो तक्ता मी भरायचो. त्यात चूक झाली की नोटीस येते, नोटीस आली की पेशी, म्हणजे अधिकाऱ्यापुढे सुनावणी, लागते, आणि पेशीला अशिलाच्या बाजूला उभं राहायचं कामही माझंच. अधिकारी तेलुगूत विचारणार, कायदा इंग्रजीत, आणि माझा अशील बहुतेक वेळा मराठी. तीन भाषांच्या मधे मी. माझी निम्मी कमाई कायद्याची नव्हती, या मधे उभं राहण्याची होती.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली असायची. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्यानं नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्यात ठेवलं होतं, बालाजीच्या शेजारी. रोज हार, रोज उदबत्ती. पुढे पत्ता बदलल्यावर नवं प्रमाणपत्र आलं, तर पठ्ठ्या जुनं काढायला तयार नाही. ‘देव बदलतात का वकीलसाब?’ म्हणाला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं चपला बाहेर काढून ते वाचलं.

अशा गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगतो. अनसूयाबाईची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तिच्याआधी थोडं कायद्याबद्दल सांगावं लागेल. पूर्वी विक्रीकर हा राज्याचा विषय होता. मग राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि करांचे अधिकार नव्यानं वाटले गेले. जीएसटी आला. माल राज्याच्या आत विकला तर कर केंद्र आणि राज्य दोघांचा. माल राज्याची हद्द ओलांडून गेला तर तो कर केंद्र लावणार, नियमही केंद्राचे, नंतर राज्याला वाटा. लहान धंदेवाल्याला नोंदणीतून सूट होती, पण एक अट होती. त्यानं राज्याबाहेर माल विकता कामा नये. राज्याबाहेर एक किलो जरी विकायचा तरी नोंदणी हवी, मग उलाढाल कितीही चिमूटभर असो.

त्या दिवसांत मी व्याख्यानं देत फिरायचो. वांकिडीपासून भीमपूरपर्यंत व्यापाऱ्यांच्या बैठका घेतल्या. फळ्यावर खडूनं बाण काढून समजावायचो. टाळ्याही मिळायच्या.

भीमपूरच्या अशाच एका बैठकीनंतर एक बाई पुढे आली. पन्नाशीची, उंच, हाताची बोटं हळदीनं कायमची पिवळी झालेली. नाव अनसूयाबाई. नदीकाठच्या गावात राहायची, नवरा वारलेला, शेती दिराच्या ताब्यात. ती घरी काळा मसाला आणि जवसाची चटणी करून विकायची. सोबत जाऊबाई आणि गावातल्या दोघीतिघी कांडायला.

‘वकीलसाब, मले हा जीएसटीचा नंबर घ्या लागते का?’ तिनं विचारलं.

मी विचारलं, वर्षाला किती विकता? तिनं आकडा सांगितला. मी हसलोच. ‘बाई, तुम्ही फार लहान आहात. तुम्हाला काही लागत नाही. बिनधास्त विका.’

तिनं हात जोडले. फी विचारली. मी नको म्हणालो आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

कुठे विकता, हे मी विचारलं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात असा तो प्रश्न. आजूबाजूला माणसं उभी होती, चहा आला होता, आणि मला आदिलाबादची गाडी पकडायची होती.

ती विकत होती पैनगंगेच्या पलीकडे. तिच्या गावातून नदी दिसते आणि नदीच्या पलीकडचा आठवडी बाजारही दिसतो. उन्हाळ्यात पाण्यातून चालत जायचं, पावसाळ्यात डोंग्यातून. आपल्या बाजूचा भीमपूरचा बाजार तिला त्याहून लांब पडायचा. शिवाय पलीकडच्याच गावात तिचं माहेर. भाऊ मारोती तिथे शेती करायचा. तिचा मसाला आधी माहेरी गेला, माहेरून शेजाऱ्यांकडे गेला, मग बाजारात. वीस वर्षं ती डोक्यावर टोपलं घेऊन जात होती. मधल्या नदीत महाराष्ट्र सुरू होतो हे तिला ठाऊक होतं. तो आपल्या मसाल्याला लागू आहे, हे ठाऊक नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला. पलीकडच्या गावातल्या एका दुकानदारानं लग्नसराईसाठी जास्तीचा मसाला मागितला होता. डोक्यावर मावण्यासारखा नव्हता म्हणून तिनं लांबच्या पुलावरून मालाच्या ऑटोनं पाठवला, स्वतः पुढे बसली. पुलाच्या अलीकडे फिरत्या पथकानं ऑटो थांबवला. नोंदणी नाही, बिल नाही, माल दुसऱ्या राज्यात चाललेला. गाडी आणि माल दोन्ही अडकले.

फोनवर ती एवढंच म्हणाली, ‘तुमी म्हनलं होतं ना, काही लागत नाही म्हनून?’

मी म्हणालो, ‘मी येतो.’

दुसऱ्या दिवशी पेशी झाली. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. तेलुगूत मला म्हणाला, ‘सर, तुम्हीच सांगा, मी काय करू? कायद्यात नदी रुंद की अरुंद असं काही लिहिलेलं नाही.’ त्याचं काही चुकलं नव्हतं. दंड भरला, माल सुटला. तोवर लग्न होऊन गेलं होतं. दुकानदारानं दुसरीकडून मसाला घेतला.

बाहेर येऊन आम्ही लिंबाच्या झाडाखाली थांबलो. अनसूयाबाई गोणीवर बसली.

‘ऑटोनं नेला, ते माहं चुकलं. मान्य हाय,’ ती म्हणाली. ‘पन डोक्यावर नेला असता तर?’

‘तरी तेच.’

‘भावाच्या घरी नेला तर?’

‘फुकट दिला तर नाही. विकला तर तेच.’

‘माह्या आजेसासूच्या वक्ती निजामाची करोडगिरी होती म्हनतात. शिपाई नदीत उभे राहत अन् जकात घेत. तवा ते परकं राज होतं. आता तं दोनी बाजूले आपलंच हाय. मग काऊन?’

मी तिला कलमं सांगितली. तो माझा बचाव होता. कायदा जितका लांबलचक सांगावा तितका माझा न विचारलेला प्रश्न मागे पडत होता. तो मी तिला सांगितला नाही. ‘नियम बदलले’ असं काहीतरी बोललो आणि तिची नोंदणी करून देतो म्हणालो. फी घेणार नाही, हेही सांगितलं.

नोंदणी झाली आणि दुसरा जाच सुरू झाला. दर महिन्याला रिटर्न. ते भरताना मोबाईलवर सहा आकड्यांचा ओटीपी येतो आणि तो थोड्याच वेळात बाद होतो. तिच्या घरात रेंज नव्हती. नदीच्या काठावरच्या उंचवट्यावर चढलं की महाराष्ट्रातल्या टॉवरची रेंज यायची. मी इकडून फोन करायचो, ‘चढा बाई.’ ती चढायची. मी बटण दाबायचो. पाच-सात मिनिटांनी ती धापा टाकत आकडे सांगायची. कधी तोवर आकडे बाद झालेले असायचे, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या महिन्यात एक चिमूटही विकली नाही त्या महिन्यातही तक्ता भरावाच लागायचा. मिरच्या महागल्या आणि तिनं दोन महिने काम बंद ठेवलं. तेव्हा तक्ता राहून गेला आणि विलंबशुल्क लागलं.

‘काईच नाही विकलं त्याचाबी कागद?’ तिनं विचारलं.

‘हो. काहीच नाही विकलं, असा कागद.’

एकदा ती दफ्तरात आली असताना मी दुसऱ्या एका अशिलाचा व्यवसाय कर भरत होतो. हा राज्याचा कर, डॉक्टर, दुकानदार, नोकरदार सगळ्यांना लागतो. वर्षाला अडीच हजारांच्या वर नाही. तिनं विचारलं, वर का नाही? मी म्हटलं, घटनेतच लिहिलंय. राज्यानं हा कर अडीच हजारांपेक्षा जास्त लावायचा नाही, असं कलमच आहे.

तिनं खुर्ची पुढे ओढली.

‘म्हनजे घटनेत कराले बांध घालता येते?’

‘येतो. त्या एका कराला घातलाय.’

‘राज्याचा हात बांधला. मग दिल्लीचा काऊन नाही?’

घटनेत एक छोटं कलम आहे, कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता येणार नाही. ते मी कितीतरी व्याख्यानांत म्हणून दाखवलं होतं. पण कायदा करून किती लावता येईल, कुणाला सोडावं लागेल, यावर केंद्राला घटनेत बांध जवळजवळ नाहीच. सूट असते ती सरकारच्या मर्जीची. आज आहे, उद्या अधिसूचना निघाली की नाही. तीस वर्षं त्या पुस्तकाबरोबर काढून हे मला कधी खटकलं नव्हतं.

त्याच सुमाराला बातमी आली की केंद्र आणि राज्यं यांच्या करांच्या अधिकारांवर लोकांची मतं ऐकायला एक समिती आदिलाबादला येणार आहे. घटनेत काय दुरुस्ती व्हावी तेही सुचवायचं होतं. बोलायला फक्त संघटनांना परवानगी, प्रत्येकीला दहा मिनिटं. सभेत वाचलं जाईल तेवढंच अहवालात नोंदवलं जाणार होतं. आमच्या कर सल्लागारांच्या संघटनेचा चिटणीस मी. मी ते अनसूयाबाईला सहज बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हजर. ‘लिहून घ्या,’ म्हणाली.

‘काय?’

‘कलम.’

मी हसत कागद ओढला. ती हसली नाही. तिनं रात्रभर विचार केलेला दिसत होता, कारण ती एकदाही अडखळली नाही.

‘लिहा. मानसानं आपल्या घरी आपल्या हातानं केलेला माल, जितका त्याच्या डोक्यावर मावते तितका, तो कोनत्याबी राज्यात नेऊन विकू शकते. त्यावर दिल्लीनं कर लावू नये अन् नंबर मांगू नये. अन् हे कलम कोन्या सरकारले एका दिवसात पुसता येऊ नये.’

‘डोक्यावर मावेल तितका? बाई, कायद्यात असं माप नसतं.’

‘मग कसं असते?’

‘किलो. रुपये.’

‘रुपये दरसाल बदलतात. डोस्कं नाही बदलत.’

मी ते नीट भाषेत उतरवलं, इंग्रजी भाषांतर केलं, टाईप केलं. एक पान झालं, ते तिनं हातात धरून पाहिलं. टाईप झाल्यावर वाचलं तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं, हे मला स्पष्ट आठवतं. केंद्राच्या करअधिकाराला घटनेतच मर्यादा, आणि तीही ज्याला सगळ्यात कमी झेपतं त्याच्यासाठी. आमच्या संघटनेच्या बाकीच्या आठ पानांत असं एकही वाक्य नव्हतं.

‘मी सोता बोलू का?’ तिनं विचारलं होतं. ‘तेलुगू येते मले कामापुरतं.’

‘संघटनेतर्फे बोलणाऱ्यांची नावं आधीच गेलीत,’ मी म्हणालो. ‘मी मांडतो ना.’ नावं तेव्हा गेलेली नव्हती. दोन दिवसांनी गेली.

सभेच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीनं आली. नवं लुगडं नेसली होती. जाऊबाई आणि पलीकडून भाऊ मारोती, दोघांना घेऊन आली होती. तिघं पुढून तिसऱ्या रांगेत बसली.

दारातच माझा सगळ्यात मोठा अशील, जिनिंग मिलचा मालक, भेटला. कापूस शेतकऱ्याकडून घेतला की त्यावरचा कर गिरणीवाल्यानं आधी भरायचा, या नियमाविरुद्ध त्याची तक्रार होती. त्यानं माझ्या हातात दोन पानं दिली. ‘साब, ये जरूर पढना.’ तक्रार खोटी नव्हती, आणि त्या कापसावर बाजारातल्या हमालांचंही पोट होतं. मी घेतली.

माझं नाव पुकारलं गेलं. समोर निवृत्त न्यायाधीश, दोन प्राध्यापक, हैदराबादहून आलेले सचिव दर्जाचे अधिकारी. मी इंग्रजीत सुरुवात केली. उपकर आणि अधिभारातला वाटा राज्यांना मिळत नाही, तो मिळायला हवा, हा मुद्दा चांगला जमला. न्यायाधीशांनी मान हलवली. मग कापसाची दोन पानं वाचली. मग हाताखाली तिचं पान आलं.

मी वर पाहिलं. प्राध्यापक टिपणं घेत होते. मला वाटलं, आता यांच्यापुढे डोकं, टोपलं, मसाला, माहेर हे वाचायचं? आतापर्यंत जे वजन पडलं ते जाईल. हसतील. माझ्यावर हसतील. दोन मिनिटं शिल्लक होती. ती मी समितीचे, जिल्हा प्रशासनाचे आणि उपस्थितांचे आभार मानण्यात घालवली आणि खाली बसलो. टाळ्या झाल्या.

पायऱ्यांवर तिघं उभी होती. भाषण इंग्रजीत झालं होतं, त्यांना शब्द कळले नसणार असं मी धरून चाललो.

‘झालं का माहं?’ तिनं विचारलं.

खोटं बोलायची तयारी नव्हती, खऱ्याचीही नव्हती. ‘वेळ संपला बाई,’ मी म्हणालो. ‘पण मी लेखी देऊन ठेवतो.’

‘बरं,’ ती म्हणाली.

मारोती काहीतरी बोलणार होता. तिनं त्याचा हात धरला आणि तिघं बसस्टँडकडे गेली. लेखी दिलेलं अहवालात जाणारच नव्हतं, तरी तेही द्यायचं राहून गेलं. आधी मार्चअखेर आली, मग ऑडिट, मग समितीची मुदतही संपली. अहवालाचं पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही. त्यात तिचं कलम नव्हतं एवढं मला पक्कं माहीत आहे.

वर्षभरानं ती नंबर परत करायला आली. ‘नाही होत वकीलसाब. गुडघे दुखते. चढनं होत नाही.’ मी नोंदणी रद्द करून दिली. त्यानंतर ती मसाला नदीच्या अलीकडेच, आदिलाबादच्या एका ठोक व्यापाऱ्याला देऊ लागली. व्यापाऱ्याकडे नोंदणी होती, बिलं होती, संगणक होता. तो तोच मसाला पुड्यांत भरून, स्वतःचं नाव छापून, पलीकडच्या बाजारात पाठवायचा. सगळं कायद्यात बसणारं. हे मला ठाऊक आहे, कारण त्या व्यापाऱ्याचे रिटर्न मीच भरायचो. मारोतीच्या घरी आता बहिणीचा मसाला दुकानातून येतो. कांडणाऱ्या दोघीतिघींपैकी एकीला काम उरलं.

गेल्या वर्षी मी दफ्तर बंद केलं. मिसली, म्हणजे अशिलांच्या फायली, वाटून टाकताना ते टाईप केलेलं पान सापडलं. ते घेऊन मी भीमपूरची गाडी पकडली आणि पुढे ऑटोनं तिच्या गावी गेलो.

अनसूयाबाई अंगणात मिरच्या पसरत होती. मला पाहून पदर सावरला, बाज टाकली. जाऊबाईनं पाणी आणलं. मी फार वेळ न लावता बोललो. पहिल्या दिवशी कुठे विकता हे विचारायला विसरलो होतो, ती चूक माझी होती. आणि त्या सभेत वेळ संपला नव्हता.

ती खाली बसली.

‘पयलं मले मालूम नव्हतं,’ ती म्हणाली. ‘दुसरं मालूम होतं.’

‘कसं?’

‘तुमच्या आंधीच्या मानसाले त्या साहेबानं हात दाखवून थांबवलं. त्याच्या आंधीच्यालेबी. तुमाले कोनंच थांबवलं नाही. तुमी आपल्या मनानं बसले. अन् माहं पान तुमी खालून वर घेतलं, पाह्यलं अन् परत खाली ठेवलं. मले अक्षर नाही कळत विंग्रजी, पन माह्या पानाच्या कोन्यावर हळदीचा डाग होता.’

मी म्हणालो, ‘मग पायऱ्यांवर का नाही बोललात?’

‘कशी बोलू?’ तिनं एक मिरची उचलून देठ खुडलं. ‘माहं रिटर्न तुमीच भरून राह्यले होते. तुमी रागावले असते तर मी कोनाकडं गेली असती?’

ती आत चहा टाकायला गेली. मी बाजेवर बसून राहिलो. छत्तीस वर्षं माझ्या टेबलासमोर लोक गप्प बसत आले होते, आणि मी त्याला विश्वास समजत आलो होतो.